इगर्जीतलं गाऱ्हाणं

सुपारीचं खांड घशात अडकून माझा श्वास बंद झाला, तेव्हा सहलीला सोबत आलेला आमचा शेजारी पाठीत धपका घालायचं सोडून हात जोडून उभा राहिला. इटलीतली फार जुनी इगर्ज, म्हणजे चर्च, होती ती. छतावर सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांनी ख्रिस्त आणि मेंढरं काढलेली. आमची बाकीची सहल गाइडमागून पुढे गेली होती.

हा आमचा कारापूरचा शेजारी बस चुकली तरी देवाला गाऱ्हाणं घालतो. ऐकणाऱ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"बा देवा म्हाराजा," तो छताकडे बघून ओरडला, "ह्या वयनीचो जीव अडकलो हा, तो सोडय रे म्हाराजा!"

आणि थांबला. पहारेकरी ओठांवर बोट ठेवून धावत आला. त्यालाच हा म्हणाला, "व्हय म्हण रे!" त्याने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.

"वयनी, मगे तूच म्हण गे. गाराणा अर्धा रवला."

माझे डोळे पांढरे व्हायला आले होते. या गाढवाचा असा राग आला, की असेल नसेल ते बळ लावून मी ‘व्हय’ म्हणायला गेले. शब्द आला नाही, सुपारी उडाली आणि पहारेकऱ्याच्या बुटावर पडली.

शेजाऱ्याने गाऱ्हाणं पुरं केलं. पाणी पहारेकऱ्याने आणलं. मी जगले.