क्री, हवाई आणि राऊतांची पट्टी

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णा मला स्टँडवर पोचवायला आले नाहीत. मार्च महिना होता, धरणाचं पाणी उतरत होतं, आणि माझ्या वडिलांच्या लेखी त्याहून महत्त्वाचं काही नव्हतं. "तू जाय. इंदूर काय पळून चाललं न्हाई. पानी मातर सरकायलंय," असं म्हणून त्यांनी सायकलला बियाण्याची पिशवी अडकवली आणि ते गेले. आईने बसच्या खिडकीतून डबा दिला. धुळ्यापर्यंत मी अण्णांवर चरफडत राहिले. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परमुलखात निघाली आहे, आणि यांना चिखलात पेरायला जायचंय. सेंधव्याचा घाट चढताना मी ठरवलं, की एकदा माझं बस्तान बसू दे, मग या माणसाला त्या चिखलातून उचलून कायमचं इंदूरला आणायचं.

याला नऊ वर्षं झाली. आज लिहिते आहे ते सावरडोह वसाहतीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पुणे, सुरत, इंदूर करत पांगले त्यांच्यासाठीही. वसाहतीतल्यांना यातलं बरंच पाठ आहे. पांगलेल्यांपैकी पुष्कळांना ते विसरायचं आहे, म्हणून मुद्दाम पहिल्यापासून सांगते.

जुनं सावरडोह माझ्या जन्माआधीच धरणात गेलं आणि माणसं या वसाहतीत आली. दर वर्षी हिवाळ्यापासून पाणी मागे हटत जातं आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात पेरायचं: ज्वारी, हरभरा, मागाहून काकडी, टरबूज. याला गाळपेर म्हणतात. कागदावर ती जमीन सरकारची, अर्ज करून एका हंगामापुरती मिळणारी. पण आमच्या माणसांनी कागदाच्या जोडीला आपला एक नियम चालू ठेवला. बुडण्याआधी ज्याचं शेत जिथे होतं, तिथेच त्याने पेरायचं. तिथे बांध नाहीत, झाडं नाहीत, सगळीकडे सारखा काळा गाळ. तरी अण्णा जुन्या विहिरीच्या दगडी कड्यापासून पावलं मोजत निघतात आणि बरोबर आपल्या शेताच्या कोपऱ्यावर थांबतात.

मी सहावीत असताना वसाहतीत कसलीशी पाहणी झाली. फॉर्म भरणारे गृहस्थ आमच्या ओट्यावर बसले. जमीन? नाही. व्यवसाय? त्यांनी थोडा विचार केला आणि 'काही नाही' असं लिहिलं. मी ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "लिहू दे त्याला." मला मात्र ते दोन शब्द लागले, आणि उलटे लागले. राग फॉर्मचा यायला हवा होता, तो मला अण्णांचा आला.

त्या रागावरच मी इंदूरात उभी राहिले. सुरुवातीला भंवरकुआंच्या होस्टेलात होते, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत डोकं घालून बसलेल्या मुलींबरोबर. कोणी वडिलांचं विचारलं की मी सांगायची, "रिटायर्ड आहेत." कशातून रिटायर्ड हे कोणी विचारलं नाही, म्हणून माझं फावलं. भाषाही बदलली. फोनवर मी 'जरा सोचून सांगते' म्हणाले, तर आई म्हणाली, "सोचू नको, विचार कर." पुढे मी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्यातली एक खोली अण्णा आणि आईसाठी, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

माझं ऑफिस तुकोगंजमध्ये आहे. परदेशी संस्थांना माहिती गोळा करून अहवाल बनवून देणं हा आमचा धंदा. वरिष्ठ देवळेकर सर. तीन पिढ्या इंदूरात, मराठी घट्ट धरून ठेवलेली, पण तिच्या मधून मधून हिंदी डोकावणारी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या टेबलावर एक काम ठेवलं: कॅनडातले क्री आणि हवाई बेटांवरचे मूळ हवाईयन, या दोन समाजांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना. "नवीन आहे सब्जेक्ट, मजा येईल तुम्हाला. अच्छा झाला तर टीम लीडसाठी तुमचंच नाव," असं ते म्हणाले. टेम्प्लेट तयार होतं. वीस रकान्यांत गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि शेवटी जास्त मागास कोण ते एका ओळीत सांगायचं.

मी वाचायला बसले आणि वाचतच राहिले. क्री लोक थंड जंगलांचे, नद्यांचे. त्यांना सरकारने राखीव वस्त्यांत आणून बसवलं. घरं अपुरी, एकेका घरात दाटीवाटीने माणसं. काही वस्त्यांत नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिता येत नाही, तेही जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकात. पण त्यांच्याशी सरकारने करार केलेले आहेत, आणि करार मोडला की कोर्टात जायला काहीतरी हातात असतं. हवाईयनांचं आपलं राज्य होतं, राणी होती. ते उलथवलं गेलं, जमिनी उसाच्या मळ्यांकडे आणि पुढे हॉटेलांकडे गेल्या. त्यांच्या हातात तसा करार नाही. त्यांच्यातले कित्येक दोन-दोन नोकऱ्या करतात आणि तरी स्वतःच्या बेटावर घर परवडत नाही म्हणून समुद्रापलीकडे राहायला जातात. त्यांच्यासाठी राखलेली जमीन आहे, पण ती पहिल्यांदा मिळायला अंगात निम्मं हवाईयन रक्त आहे हे कागदावर दाखवावं लागतं, आणि यादीत नाव असताना माणसं म्हातारी होऊन मरतात. आमच्याकडे सरकारी नोकरीसाठी लागणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरटी एकालाच, आणि तो माझ्या चुलतभावाकडे. माझं रक्त कोणी मोजलं नाही एवढंच. दोन्हीकडच्या मुलांच्या तोंडातून शाळेत त्यांची भाषा काढून घेतली गेली होती. दोन्हीकडे तुरुंगात त्यांची माणसं लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त.

आणि धरणं. उत्तरेच्या क्रींच्या नद्या विजेसाठी अडवल्या, शिकारीची रानं पाण्याखाली गेली. ती ओळ वाचून मी थांबले, चहा घेऊन आले आणि पुढचं पान उघडलं. मला हे कळायला हवं होतं. जगात दुसऱ्या कोणालाही नाही, पण मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी काय केलं ते सांगते. त्या क्री गावांत वसंतात रानहंस परत येतात तेव्हा शाळा आणि कचेऱ्या दोन आठवडे बंद ठेवतात. सगळं गाव शिकारीला रानात जातं, आजोबा नातवंडांना शिकवतात. मी ते 'कामाचे बुडालेले दिवस' या रकान्यात टाकलं आणि गुण कापले. जी कुटुंबं महिनोन्महिने शिकारीवर रानात राहतात, त्यांच्यापुढे 'नियमित व्यवसाय नाही' असं लिहिलं. हवाईयन कुटुंबं अळूची खाचरं राखतात. आपलंच अळू, फक्त ते त्याचा कंद वाफवून, कुटून खातात आणि अळूला आपला थोरला भाऊ मानतात. त्याच्यापुढे मी लिहिलं, 'उत्पन्न नगण्य.' देवळेकर सरांनी मसुदा पाहिला. "एकदम मस्त. क्लीन काम आहे," म्हणाले. मीही खूश झाले.

तो मसुदा लॅपटॉपमध्ये घेऊनच मी मार्चमध्ये घरी गेले. अण्णांचे गुडघे गेल्याचं आईने कळवलं होतं. या वेळी त्यांना घेऊनच यायचं, असं मी ठरवून गेले होते. पोचले तर अण्णा घरी नव्हते. आई म्हणाली, "कुठं असणार? गाळावर. काठी टेकत गेलेत." मी तणतणत धरणावर गेले.

गाळावर वसाहतीतली वीस-पंचवीस घरं पेरत होती. सगळीकडे हिरवं येऊ लागलं होतं. आमच्या शेताला लागून एक लांबट पट्टी मात्र तशीच उघडी पडलेली. चांगली ओल धरलेली, भुसभुशीत. मी विचारलं, "अण्णा, ही का नाही पेरली?"

"राऊताची हाय ती."

"राऊत पुण्याला गेले, पंधरा वर्षं झाली. त्यांच्या पोरांना हे गावही माहीत नसेल."

"म्हून काय झालं? त्याची हाय."

"पण सरकारकडे अर्ज केला तर कोणालाही मिळेल की."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले आहे. "मिळंल," ते म्हणाले. "पर कुणी करत न्हाई."

मी त्या पट्टीकडे बघत उभी राहिले. माझ्या वीस रकान्यांत ही कुठे बसत होती? जमीन नसलेल्या, व्यवसाय 'काही नाही' असलेल्या माणसांनी, पाण्याखाली गेलेल्या गावातली एका गैरहजर माणसाची जमीन पंधरा वर्षं राखून ठेवली होती, आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. मला लाज वाटली, आणि या वेळी ती अण्णांची नव्हती. त्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थाचं काम मी एवढी वर्षं शिकून, पगार घेऊन, एसीत बसून पुढे चालवत होते.

मी अण्णांना क्री लोकांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांचं बी बुडालं का? मग आता कुठं जातेत?" मी म्हणाले, "उरलंय तिथं. हंस आले की शाळा बंद करून जातात." अण्णा म्हणाले, "जानारच की." इंदूरला कायमचं चला म्हटल्यावर म्हणाले, "पावसाळ्यात येतो. पानी चढल्यावर मला हितं काय काम?"

परत आल्यावर मी ते तीन रकाने बदलले आणि बेरीज पुसून टाकली. कोणाकडून काय हिरावून घेतलं गेलं आणि त्यांनी काय धरून ठेवलं, ते सरळ लिहिलं. देवळेकर सर मसुदा हातात घेऊन आले.

"वैशालीजी, बाकी सब ठीक, पण टोटल कुठे गेली? क्लायंटला मार्क्स पाहिजेत भिया, निबंध नाही." इंदूरात 'भिया' बाईलाही म्हणतात.

"सर, टोटल लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? एक्सेल लावून देईल ना."

मी त्यांना गाळपेरीचं सांगितलं, राऊतांच्या पट्टीचंही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या ऑफिसात मी सांगितलं की माझे वडील रिटायर्ड नाहीत. सर वाईट माणूस नाहीत, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समजतंय मला. आमच्या आजोबांची पण संस्थानची नोकरी होती, संस्थानच गेलं. पण आपण काय करू शकतो? टेबल भरा, विषय खतम करा."

मी म्हणाले, "दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या. माझं नाव काढा."

त्यांनी काढलं. बेरीज दुसऱ्या मुलाने केली आणि टीम लीडही तोच झाला. 'बुडालेले दिवस' मात्र मी परत येऊ दिले नाहीत, त्यासाठी तीनदा भांडले. परदेशातल्या कुठल्याशा कपाटात तो अहवाल पडला असेल. त्यात कोणीतरी कोणापेक्षा मागास ठरलं असेल. ठरू दे.

अण्णा जुलैत आले, म्हटल्याप्रमाणे. दोन महिने राहिले. एकदा शेजाऱ्यांबरोबर इंदूरजवळच्या हातोदला धान्याची मंडी बघायला गेले, आजूबाजूची सोयाबीनची शेतं बघून आले आणि निकाल दिला, "माती झकास हाय. पर लोकाची हाय." सप्टेंबर संपता संपता त्यांनी पिशवी भरली.

मला माहीत आहे, पांगलेल्यांपैकी काही जण म्हणतात की म्हाताऱ्यांनी उगाच हट्ट धरलाय, त्या गाळातून मिळतं काय. मीही हेच म्हणायचे, तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. आता म्हणते, तुमच्या सोसायटीत तुमची पार्किंगची जागा पंधरा मिनिटं कोणी रिकामी ठेवतं का ते आधी सांगा. आपण नसताना जिथे दुसरा कोणी पेरत नाही, ते माझं घर. माझ्या नावावर असलेला फ्लॅट ही राहायची सोय आहे, आणि चांगली सोय आहे, तिची मला लाज नाही.

या वर्षी अण्णांना चालवत नाही. विहिरीचं कडं कुठे आहे ते दाखवतील, पण पावलं टाकता येणार नाहीत. मी नाही गेले तर आमचीही पट्टी राऊतांसारखी राहील. ती कोणी घेणार नाही, याची खात्री आहे. पण मी जिवंत असताना ती रिकामी का राहावी? मी फोनवर विचारलं, किती पावलं? अण्णा म्हणाले, "माझी सांगून काय उपेग? तुझं पाऊल आखूड. तुझी तू मोज."

म्हणून मागच्या आठवड्यात मी दोन आठवड्यांची रजा टाकली. कारण: पाणी उतरले आहे. फॉर्ममध्ये रजेच्या काळातला पत्ता लिहायची जागा असते. तिथे मी 'जुने सावरडोह' लिहिलं. एचआरच्या मुलीने बोलावून घेतलं. "मॅडम, ये गाँव मॅप पे पानी में आ रहा है. वहाँ रहता कौन है?"

मी म्हणाले, "आम्ही पेरतो तिथे."

तिने अर्ज पुढे पाठवला की नाही, मला ठाऊक नाही. सोमवारच्या बसचं तिकीट मी काढलं आहे.