अनोळखी संगणकांची दुपार
तापलेल्या संगणकाचा धूळ भाजल्यासारखा वास आला की मला पाटोद्यातलं, आमच्या ओळखीच्या चाचांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आठवतं. सीताफळाच्या पानांवरचा रोग ओळखणारा माझा प्रोग्रॅम दोन दिवसांत कॉलेजच्या परीक्षकांना दाखवायचा होता आणि पानांच्या हजारो फोटोंवरून त्याला शिकवायला माझ्या संगणकाला वीस दिवस लागणार होते. चाचा म्हणाले, "माझं मशीन रिकामं असलं की मी नेटवरून दुसऱ्यांच्या कामाला देतो. त्याचे लई पॉइंट साठलेत, त्यांच्यावर दुसऱ्यांची मशीनं आपल्याला वापरता येत्यात. घे बेटा, वापर." त्यांनी बटण दाबलं आणि देशोदेशीचे शेकडो संगणक एकेक करून माझ्या कामाला लागले. "हे लोक आपली मशीनं काहून देत्यात?" मी विचारलं. "त्यांनाबी पॉइंट मिळत्यात की," म्हणता म्हणता चाचाच खुर्चीवरून उठून उभे राहिले. इतकी मशीनं एकदम आपल्या कामाला लागलेली तेही पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळपर्यंत काम झालं, मी पासही झाले. पण त्या शेकडो संगणकांच्या मालकांपैकी एकाचंही नाव मला आजवर ठाऊक नाही.