प्रवेशाच्या अर्जातली ओळ

सिरसाळ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका वस्तीवरच्या शाळेत मी नऊ वर्षं होते. आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

तिसरीत एक मुलगी होती. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. ती आईबरोबर वस्तीवर राहायची. शाळा कधी बुडवायची नाही. फळ्यावरचं इतकं देखणं उतरवून घ्यायची की तिची वही मी इतर मुलांना दाखवायची. पण हाक मारली तर मान वर करायची नाही. शुद्धलेखनात एखाद्या दिवशी सगळे शब्द बरोबर, दुसऱ्या दिवशी पान कोरं. मी तिला हट्टी ठरवून टाकलं. "मुद्दाम करतेस ना?" म्हणून तिला उभं केलं, व्हरांड्यात बसवलं. कितीतरी वेळा तिचा कान पिळला. इथे जरा सौम्य शब्द लिहावा असं वाटतं, पण मी पिळलाच होता.

एके दिवशी आरोग्य तपासणीची गाडी आली. वजन, दात, डोळे असं चाललं होतं. डॉक्टर तरुण होत्या. या मुलीचा नंबर आला तेव्हा त्या तिच्या पाठीमागे गेल्या आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवला. वर्गातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"मॅडम, हिला ऐकू कमी येतं. बरंच कमी," डॉक्टर म्हणाल्या. "तोंडाकडे बघून समजून घेते ती. तुम्ही फळ्याकडे वळलात, की तिच्यापुरता वर्ग थांबला. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

मी "नाही" म्हणाले. तो आवाज माझा मलाच लांबून आल्यासारखा वाटला. तिची वही उघडून पाहिली. ज्या दिवशी घसा बसला म्हणून मी खुर्चीत बसून, समोर तोंड करून शब्द सांगितले होते, त्या दिवशीचं पान पूर्ण बरोबर होतं. बाकांमधून फिरत सांगितलेल्या दिवशीची पानं कोरी. सगळं तिथं लिहिलेलंच होतं आणि मी त्याखाली लाल शेरे मारले होते.

शाळा सुटल्यावर तशीच वस्तीवर गेले. तिची आई दारात लोकर पिंजत बसली होती. वाटेत मनाशी वाक्यं जुळवली होती, धीर देण्याची. ती सगळी वाया गेली.

"त्ये तर आमाला ठावं हाय मॅडम," ती म्हणाली. "दोन वर्साची असताना ताप आलता, तवापास्नं. नाव घालाया आलते तवाच सांगितलं की म्या."

"कुणाला?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "पोरगी घरी येऊन सांगायची, मॅडमनं कान वढला. म्या म्हणलं, मॅडमला ठावं हाय, कान मोकळा व्हावा म्हणून वढत असत्याल."

तिने चहा ठेवला. मी तो प्यायले, पण चव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी शाळेत गेले आणि कपाटातून प्रवेशाच्या अर्जांची फाईल काढली. मनात आशा होती की बाईची काहीतरी गल्लत झाली असेल, किंवा तिनं मुख्याध्यापकांना सांगितलं असेल. अर्ज सापडला. खाली आईचा अंगठा होता. 'दिव्यांगत्व असल्यास तपशील' या ओळीपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दोन्ही कानांनी कमी ऐकू येते.' अक्षर माझं होतं.

माझं अक्षर बरं म्हणून जूनमध्ये सगळे अर्ज मीच भरायची. रांग लागलेली असायची, पालक सांगतील ते लिहायचं, अंगठा घ्यायचा, पुढचा कागद ओढायचा. तिने सांगितलं, मी लिहिलं आणि फाईल बंद केली. दोन वर्षांनी तीच मुलगी माझ्या वर्गात आली तेव्हा मला काहीच आठवलं नाही. मी खाली फरशीवर बसले.

मुख्याध्यापक आले. मी कागद त्यांच्यापुढे धरला. ते वाचून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. एवढ्या अर्जांत कुणाच्या ध्यानात राहतंय?"

"वरच्या रकान्यात सर, मी तिची जात बरोबर लिहिलीय, आधार नंबर बरोबर लिहिलाय. ते सगळं ऑनलाइन भरलंय. फक्त ही ओळ भरायची राहिली."

ऑनलाइन ती ओळ गेलीच नव्हती, म्हणून पंचायत समितीतल्या विशेष शिक्षकांकडे असलेल्या दिव्यांग मुलांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते महिन्यातून एकदा शेजारच्या गावात यायचे. शेजारच्या गावात! मी त्यांना तिथंच गाठलं.

मग पुढचे चार-पाच महिने कागदांत गेले. मायलेकींना घेऊन मी एसटीने बीडला जिल्हा रुग्णालयात गेले. एकदा मशीन बंद होतं, एकदा डॉक्टर शिबिराला गेले होते, तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. प्रमाणपत्र आलं, मग श्रवणयंत्रासाठी मापं घेतली. बसच्या सवलतीचा पास निघतो हे कळलं तेव्हा आई म्हणाली, "असलं बी काय मिळतं, ह्ये आमाला कुणी सांगायचं मॅडम?" आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर सगळ्या योजना सुरेख रंगवलेल्या होत्या. त्या तिला वाचता येत नव्हत्या.

परतीच्या एका प्रवासात मी आईला तो अर्ज दाखवला. लिहिलेलं वाचून दाखवलं, आणि हे अक्षर माझं आहे असं सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. वडवणीचं स्टँड मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "मंग मारत कावून व्हता?"

मी अर्जाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

यंत्र लावून मुलगी पहिल्यांदा शाळेत आली, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ती दचकून बाकाखाली गेली. रडायला लागली. पोरांचा गलका, पत्र्यावरची माकडं, ताटल्यांचा आवाज, तिला काहीच सोसेना. तिने यंत्र काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं ती हसेल. विशेष शिक्षकांनी समजावलं, रोज थोडा थोडा वेळ लावायचं. आठवडाभराने मी फळ्यावर लिहीत होते तर मागून तिचा आवाज आला, "मॅडम, खडू वाजतो!" सगळा वर्ग हसला. मी हातातला खडू तसाच धरून उभी राहिले.

मी तिच्यासमोर बसून "माझं चुकलं" म्हणाले, तेव्हा तिने माझ्या ओठांकडे बघत ऐकलं, मान हलवली आणि खेळायला पळाली. तिला काय कळलं, कोण जाणे.

आता ती सहावीत आहे, मोठ्या शाळेत. माझीही बदली झाली. गेल्या महिन्यात सिरसाळ्याच्या बाजारात आईबरोबर दिसली. मी मागून हाक मारली, दोनदा. दुसऱ्या हाकेला ती वळली.

"मॅडम, बाजारात लई कालवा हाय," ती म्हणाली, "पुढं येऊन बोला की."