माझ्याकडे चालतं

किरकोळकाकांचं पोट शाळेच्या प्रयोगशाळेवर भरे आणि जीव लिनक्सच्या एका वितरणात, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या एका फुकट संचात, अडकलेला असे. जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट चालवलेल्या त्या उद्योगात काकांकडे तक्रारींचं गांभीर्य ठरवायचं काम होतं. लोक मुळातच कांगावखोर, असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे 'गंभीर' म्हणून आलेली तक्रार त्यांच्या हातून बहुधा 'किरकोळ' होऊन बाहेर पडे. टोपणनाव तिथूनच चिकटलं. शिवाय पुस्तकांवर चिकटवायची लेबलं छापणारं एक छोटंसं पॅकेज, म्हणजे त्या संचातला एक प्रोग्राम, ते अकरा वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळत होते.

वितरणाच्या नव्या आवृत्तीत कोणती पॅकेजं जाणार याची यादी चौदा दिवसांनी कायम व्हायची होती. त्या दिवशी ज्याच्यावर 'गंभीर' तक्रार उघडी, ते पॅकेज दोन वर्षांसाठी बाहेर. हा नियम काकांनी इतरांना सुनावून सुनावून गुळगुळीत केला होता.

ते चौदा दिवस सुरू झाले त्याच दिवशी जेवताना काकूंनी सांगितलं की ग्रंथालयात नवा संगणक आलाय आणि त्यावर तुमचं लेबलवालं उघडतच नाही. काकू तिथल्या ग्रंथपाल. ताटावरची नजर न उचलता काका म्हणाले की तोंडी तक्रार चालत नाही, रीतसर नोंदवावी.

काकूंनी रीतसर नोंदवली; 'गंभीर' म्हणून. काकांनी घरच्या संगणकावर एक लेबल छापून पाहिलं, 'माझ्याकडे चालतं' असा शेरा मारला आणि तक्रार 'किरकोळ' केली. काकूंनी ती वर नेली, काकांनी खाली आणली. पाच दिवस नवराबायको एकाच टेबलाशी बसून साऱ्या जगासमोर भांडत होते. घरात बोलणं मीठ मागण्यापुरतं.

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. "अहो, तुमच्याकडे काय नाही चालणार? दहा वर्षांत तुमच्या त्या संगणकाच्या डब्यातून एक वस्तू तरी बाहेर काढलीत का?"

काका उठून ग्रंथालयात गेले. कोऱ्या संगणकावर पॅकेज टाकलं, उघडलं नाही. प्रत्येक पॅकेजाने आपल्याला आणखी कोणकोण लागतं याची यादी द्यायची असते. ती वाचून संगणक बाकीच्यांना बोलावून घेतो. काकांनी गेल्या महिन्यात लेबलावर बारकोडची सोय केली, पण बारकोड काढणाऱ्या पॅकेजाचं नाव यादीत घालायचं विसरले. घरी ते कधीचंच ठाण मांडून बसलेलं, त्यामुळे चूक कळणार कशी?

चूक एका शब्दाची. पण सुधारलेलं पॅकेज दहा दिवस चाचणीत ठेवावं लागे, तोवर तक्रार उघडीच राही, आणि हातात उरले होते नऊ.

आवृत्ती काढणाऱ्या मुख्य बाईंनी कळवलं की यादी कायम होईपर्यंत 'किरकोळ' राहू द्या, आम्ही बघितलं नाही असं समजू. काकांनी आभार मानले, तक्रार स्वतःच्या हाताने 'गंभीर' केली, शब्द घातला आणि झोपायला गेले.

दहाव्या दिवशी पॅकेज यादीबाहेर होतं. सुधारलेली प्रत काकांनी स्वतः जाऊन ग्रंथालयात बसवली. संध्याकाळी काकूंची तक्रार बंद झालेली दिसली. खाली शेरा होता, 'आता माझ्याकडेही चालतं.'