बाजारातली जागा

आईनं समुद्र पाहायचं मनावर घेतलं, तेव्हा मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते. आंध्राच्या किनाऱ्यावरचं एक शहर वादळात वाहून गेलं, त्याच्या बातम्या मी कधीतरी तिला वाचून दाखवल्या होत्या. आता ते पुन्हा उभं राहिलंय म्हणतात, तर समुद्र तिथलाच पाहायचा, असा तिचा हट्ट.

काका म्हणाले, "दोघी बाया एवढ्या दूर जाऊन काय करणार?"

आई मला म्हणाली, "तिकिटं काढून आण."

शहरात नव्या घरांच्या रांगाच रांगा होत्या. भिंतीला हात लावला तर चुना लागायचा. बाजार मात्र जुन्याच जागी भरत होता. सुकी मासळी, मिरच्यांचे ढीग, छापील कापड. एका म्हातारीच्या टोपलीत संत्री दिसली, तशी आई थांबली. साल नखानं खरवडून हुंगली अन् म्हणाली, "आपल्या पांढुर्ण्याकडचीच होय."

तेवढ्यात बाजाराचा मुकादम आला आणि काठीनं टोपली ढकलू लागला. म्हातारी हलेना. शेजारच्या कापडवाल्यानं मला हिंदीत सांगितलं, "मागे नवीन शेड बांधलीय, तिकडे जा म्हणतोय. वादळात हिचं घर गेलं, मुलगा गेला. चिखल निघाला नव्हता तेव्हा हीच पहिली येऊन इथं बसली. बाकीचे मग आले."

मी आईला ते सांगितलं. तिनं पदर खोचला आणि म्हातारीला लागून सरळ जमिनीवर मांडी घातली.

"आई, चाल ना. समुद्रावर जायची बस निघून जाईल."

"जाऊ दे. मी इथं बसून राहिली." मग मुकादमाकडे पाहून म्हणाली, "आता दोघींले उठवा."

त्याला शब्द कळले नसतील. तो माझ्याकडे पाहू लागला. मला आधी लाज वाटली, मग त्याच्या काठीचा राग आला. मीही बसले. भाजीवाल्या दोघीतिघी आपापल्या टोपल्या सरकवून जवळ आल्या. मुकादम बडबडत निघून गेला.

दुपारी तो परत आला, लांबूनच पाहून गेला. म्हातारीनं आम्हाला एकेक संत्रं सोलून दिलं.

समुद्राची बस चुकली होती. आम्ही परतीची तिकिटं पुढं ढकलली.