निर्व्यसनी हवालदार

चेरीतालच्या चौकात माझ्या भाऊजींचा फ्लेक्स लागला, तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. चेहरा त्यांचा होता, पण मागे रणगाडा होता, आकाशात विमानं होती आणि कोपऱ्यात तिरंगा फडकत होता. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : देशभक्त, कुटुंबवत्सल, निर्व्यसनी हवालदार प्रल्हाद देवतळे यांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली 'शोकाकुल' म्हणून थोरल्या भावाचं, शरच्चंद्र देवतळ्यांचं नाव. ते मेलेल्या माणसाच्या नावापेक्षा बोटभर मोठंच होतं. माझी बहीण लतिका, म्हणजे जिचा नवरा गेला ती बाई, शेवटच्या ओळीतल्या 'समस्त परिवारा'त कुठेतरी असावी.

मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं ही रीत मला ठाऊक आहे. पण रणगाडा? भाऊजी फौजेच्या सिग्नल्समध्ये लाइनमन होते. खांद्यावर तारेचं रीळ घेऊन डोंगर चढायचा, तार टाकायची, ती तुटली की बर्फात शोधत जायचं आणि जोडून यायचं, ही त्यांची नोकरी. रणगाडा त्यांनी पाहिला असेल तर परेडमध्ये. याची त्यांना लाजही नव्हती. "सुमेधा, गोळी कोणीही मारो, मारायचा हुकूम आमच्याच तारेतून जातो," असं मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे. लाज वाटायची ती थोरल्या भावाला. आपल्या फॅक्टरीतल्या लोकांना शरच्चंद्र वर्षानुवर्षं सांगत, "धाकटा फौजेत आहे, पण तसं काही नाही, तारा ओढतो." आता तोच धाकटा मेला आणि रणगाड्यावर चढला.

मी भाऊजींना तोंडावर गाढव म्हटलेलं आहे, आणि ते मागे घ्यायची मला आजही गरज वाटत नाही. गाढव नाही तर काय? त्यांचे वडील, बापू, अर्धांगाने पडले तेव्हा शरच्चंद्रांच्या विजय नगरच्या चार खोल्यांत बापूंना म्हणे ऊन मिळेना. भाऊजींच्या चेरीतालच्या दोन खोल्यांत मात्र भरपूर मिळालं. भाऊजी नुकतेच रिटायर होऊन आले होते. रोज सकाळी ते बापूंना उचलून अंगणात बसवत, अंघोळ घालत, दाढी करत, आणि भांग पाडून आरसा दाखवत. थोरले रविवारी यायचे, अर्धा डझन केळी आणायचे आणि जाताना लतिकाला बापूंची काळजी कशी घ्यायची ते सांगून जायचे. बापू गेले तेव्हा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत 'शरच्चंद्र यांनी वडिलांची अखेरपर्यंत सेवा केली' असं छापून आलं होतं. मी ते कात्रण घेऊन चेरीतालला गेले, तर भाऊजी म्हणाले, "जाऊ दे ना, केळी तर आणायचा."

बापू गेले तरी विजय नगरहून येणंजाणं कमी झालं नाही, उलट वाढलं. त्याचं कारण कॅन्टीन. रिटायर फौजीला मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड असतं. साबणापासून फ्रिजपर्यंत सगळं त्यावर स्वस्तात मिळतं आणि महिन्याला ठरावीक बाटल्याही मिळतात. या बाटल्यांनी देवतळ्यांच्या कुटुंबात जे प्रेम उत्पन्न केलं, ते चार पिढ्यांच्या कुळधर्मांनी केलं नसेल. शरच्चंद्रांच्या साहेबाला एक, विभावरीच्या, म्हणजे शरच्चंद्रांच्या बायकोच्या, भावाला एक, थोरल्या लेकीच्या सासरी व्याह्यांना दोन. शरच्चंद्र स्वतः अर्थातच पीत नसत. ते फक्त छातीसाठी घेत. विभावरी बाई तर सोवळ्यातल्या. त्यांच्या तोंडी दारू हा शब्द कधी आला नाही. फोन करून विचारायच्या, "भाऊजी, या महिन्याचं सामान आलं का?"

मग हा माणूस सदरच्या बाजूला छावणीत जायचा, ऊन असो की थंडी, रांगेत उभा राहायचा, आणि स्कूटरच्या पायाशी खोका ठेवून तो विजय नगरला पोचवून यायचा. मला संताप यायचा तो याचाच. स्वतः थेंब घेत नाही आणि आयत्या बिळावरच्या नागोबांसाठी हमाली करतो. आणि माझी बहीण! ती तर त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढे. कोणी काही मागितलं की ती आधी 'हो' म्हणायची आणि मग काय मागितलं ते ऐकायची.

मागच्या उन्हाळ्यात शरच्चंद्रांच्या आर्यनचं लग्न ठरलं. आर्यन पुण्याला कंपनीत आहे, इथल्या हिंदी मुलखातल्या पोरांसारखा घरी हिंदी बोलतो आणि मराठी समजतं असं सांगतो. मुलीकडचे नागपूरचे, तोलामोलाचे. तेव्हा थोरल्यांनी हुकूम सोडला, की आतापासून कोणालाही काही द्यायचं नाही, सगळं लग्नासाठी साठवायचं. भाऊजींनी दिवाणाखालची आपली काळी ट्रंक रिकामी केली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव होतं. जुने गणवेश बाहेर निघाले, गाठोड्यात गेले आणि त्यांच्या जागी महिन्यामागून महिना रमच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आडव्या झाल्या.

जानेवारीतल्या एका सकाळी ते शेवटचा खोका घेऊन आले. स्कूटर लावली, बाटल्या ट्रंकेत ठेवल्या, कुलूप घातलं, चाबी लतिकाच्या हातात दिली आणि पाणी मागितलं. ती पाणी घेऊन येईपर्यंत ते गेले होते. शरच्चंद्र आले, रडले, डोळे पुसले आणि म्हणाले, "काम पूर्ण करूनच गेला माझा भाऊ." आजवर त्यांनी भावाबद्दल काढलेले हे सगळ्यात खरे उद्गार.

लग्न पुढे ढकलायचा प्रश्नच नव्हता. तेरवीनंतर दोष नाही असं सांगणारा गुरुजी त्यांना तिसऱ्याच दिवशी सापडला.

तेरवीला अंगणात मांडव घातला होता. विजय नगर झाडून आलं होतं. लतिकाची मुलगी अवंती लहान बाळाला घेऊन बंगळूरहून आली होती आणि आत वाढपाचं पाहत होती. जेवणं उरकत आली तशी विभावरी लतिकाजवळ सरकली. मी शेजारीच बसले होते.

"लतिका, ट्रंकेची चाबी कुठं ठेवून राहिली तू? आर्यन गाडी घेऊन आला आहे. आजच नेऊन टाकतो, तुझ्या डोक्याला ताप नको."

"और काकी, कार्ड अब आपके नाम बनेगा," आर्यन मागून म्हणाला. "मैं ले चलूँगा आपको, टेन्शन नहीं लेना."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. लतिकाचा हात कमरेच्या चाबीकडे गेला. मला वाटलं, झालं. नवऱ्याला रांगेत उभं करून मारलं, आता बायकोला उभी करतील, आणि ही उभी राहील. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिने माझा हात बाजूला केला, इतकंच.

तेवढ्यात शरच्चंद्र चार शब्द बोलायला उभे राहिले. ते चार शब्दांत कधी थांबलेत? देश झाला, कुटुंब झालं, देवतळ्यांचं कूळ झालं. "आणि फौजेसारख्या ठिकाणी राहूनही माझ्या भावाने जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही. निर्व्यसनी राहिला. हे आमच्या घराचे संस्कार आहेत." ज्यांनी त्याच भावाच्या कार्डावर दहा-दहा वर्षं घसा ओला केला होता, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मांडवाच्या कडेला कुंडम गावाहून आलेले तीन म्हातारे बसले होते, भाऊजींचे पलटणीतले सोबती. त्यांना कुठे बसवावं हे न कळून कोणीतरी चपलांजवळ सतरंजी टाकून दिली होती. त्यांतले हरिलाल मरावी ऐकू कमी येतं म्हणून कानामागे हात धरून होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, त्याने काय ते सांगितलं. मरावी उठून उभे राहिले.

"दादा, ये कौन-से परलाद भैया की बात हो रही है?"

शरच्चंद्र गोंधळले. "आमच्याच. हमारे भाई की."

"भैया तो रोज साँझ को लेते थे. एक पैग रम, गरम पानी के साथ. एक से जादा कभी नहीं. एक से कम भी कभी नहीं." मरावींनी आठवून मान हलवली. "दिनभर बरफ में तार ढूँढते थे हम लोग. साँझ को भैया गिलास पकड़ के बोलते थे, चलो हरी, अब हाथ अपने हुए."

विभावरी बाईंनी पदर नाकाला लावला, जणू वास आला. शरच्चंद्र हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वय झालं आहे यांचं. कोणा दुसऱ्याचं सांगून राहिले."

"नाही दादा," लतिका म्हणाली, "त्यांचंच सांगून राहिले."

ती उठली होती. मी तिला थोरल्या दिरासमोर अशी सरळ उभी कधी पाहिली नव्हती.

"रिटायर होऊन आले तेव्हाही घेत होते. संध्याकाळी इथंच बसायचे, बापूंच्या खुर्चीजवळ. पाणी मीच गरम करून द्यायची. मग तुमच्या साहेबाला पाहिजे, जाऊबाईंच्या भावाला पाहिजे, व्याह्यांना पाहिजे. एक दिवस मी पाणी आणलं तर बाटलीच नव्हती. शेवटची होती, ती सकाळी तुम्हीच घेऊन गेले होते. मी म्हटलं, आता काहून बसून राहिले? तर म्हणाले, चलो, सुटली एकदाची. त्याच पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या आणि आत गेले." तिने पदर खोचला. "साऱ्यांनी म्हटलं, प्रल्हादने बापूंसाठी सोडली. देवमाणूस आहे. काहून सोडली ते कोणी विचारलं नाही."

मीही विचारलं नव्हतं. मला असा राग आला, की त्या रणगाड्याचं तोंड विजय नगरकडे फिरवावंसं वाटलं.

"आर्यन," लतिकाने हाक मारली, "दिवाणाखालची ट्रंक बाहेर आण बेटा."

आर्यनचा चेहरा उजळला. बिचारा ती ओढत मांडवात घेऊन आला आणि गाडीची चाबी खिशातून काढून तयारीत उभा राहिला. लतिकाने कमरेच्या चाबीने कुलूप काढलं, वरची एक बाटली घेतली, तिच्यावरचा कागद सोडवला आणि मला म्हणाली, "सुमेधा, पाणी गरम कर."

इतक्या आनंदाने मी उभ्या जन्मात कोणासाठी पाणी तापवलं नसेल. बाहेर आणलं तेव्हा तिने तीन ग्लास कुंडमच्या तिघांपुढे ठेवले होते. चौथा स्टीलचा होता, त्यावर लग्नातल्या भांड्यांसारखं 'प्रल्हाद' असं कोरलेलं. इतकी वर्षं तो फळीवर पालथा होता. तो तिने हार घातलेल्या फोटोसमोर ठेवला, एक पैग मोजून ओतला आणि वर गरम पाणी घातलं. गुरुजी उठून गेले. दक्षिणा त्यांना आधीच मिळाली होती.

"तेरवीच्या दिवशी? लतिका, लोक काय म्हणतील?" शरच्चंद्र ओरडले.

तिने तिघांचे ग्लासही तसेच मोजून भरले. मरावींनी ग्लासात बोटं बुडवून चार थेंब जमिनीवर सोडले, भैयांचं नाव घेतलं आणि मगच घोट घेतला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"मरावी भैया," लतिका म्हणाली, "ये पेटी आप लोग ले जाइए. आपके भैया की है. और अगले साल इसी दिन आइए, पानी मैं गरम करूँगी." मग आर्यनकडे वळून म्हणाली, "कार्ड बनवायला मी सुमेधासंगं जाईन. तू टेन्शन नको घेऊ."

आता मात्र विभावरी बाईंचं सोवळं सुटलं. "अवो, पण लग्नाचं काय? नागपूरचे पाहुणे येऊन राहिले! आम्ही कबूल करून बसलो! त्यांना काय सांगू आता?"

लतिकाने ट्रंकेचं झाकण लावलं.

"चौकात लिहून लावलं आहे, तेच सांगा जाऊबाई. नवरदेवाचे काका निर्व्यसनी होते."

ट्रंक जड होती. तिचं एक कडं मरावींनी धरलं, आणि दुसरं, कोणाकडे न बघता, आर्यनने.