हात न पोचणारं टेबल

दिवाळीत पाडव्याच्या दुपारी मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडावर पितळी तांब्या मारला. त्याचे पुढचे दोन दात गेले. त्यानं बसायचा पाट उचलून माझ्या खांद्यात घातला, आणि माझं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्याच कानांनी ऐकला. कारण काय, तर तीन पत्ती! माझ्याकडे पक्का सिक्वेन्स होता, एका रंगाची ओळीनं तीन पानं. दादा नेहमीसारखा पत्ते न बघता खेळत होता आणि त्याच्याकडे निघाल्या तीन चौक्या. हरलो त्याचं एवढं नाही. तो हसला. म्हणाला, "बघून खेळतो तो भित्रा." मग माझं डोकं फिरलं.

आमच्या घरात मारामारीचं नवल नव्हतं. वडील पट्ट्यानं दादाला मारायचे, दादा मला मारायचा आणि मी भिंतीला. आम्हा दोघांहून मोठी ताई तेवढी डोळे गच्च मिटून, हात वर करून मधे घुसायची. निम्मे पट्टे तिच्याच अंगावर पडलेत.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा खांदा बांधलेला, दादाचं तोंड सुजलेलं. ताईनं कुणालाच ओवाळलं नाही. "दोघं शेजारी शेजारी पाटावर बसाल तेव्हाच ओवाळीन," ती म्हणाली. "नाहीतर मला भाऊच नाहीत."

ताई देवळाली कॅम्पात जवानांचे युनिफॉर्म शिवते. दादा मखमलाबादकडे झेंडू आणि गुलाब करतो. मी सातपूरला कारखान्यात लेथवर. तिघं एकाच नाशकात, आणि मी नि दादा नऊ महिने एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

श्रावणात ताईनंच तोड काढली. तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका जवानाच्या बायकोनं तिला मोबाइलवर पोकर शिकवला होता. तेव्हा रुपया-दोन रुपयांची टेबलं चालायची, आता ती बंद झालीत. ताईनं आम्हा दोघांना तिच्या टेबलावर बसवलं. "इथं खेळा," म्हणाली, "इथं हात पोचत नाही. दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी चार ते पाच. शिव्या द्या, पण हाणामारी केलीत तर पाट विसरा."

खेळ सोपा. दोन पत्ते आपल्या हातात, पाच मधे सगळ्यांचे, त्यातून चांगले पाच जुळवायचे. दादा तीन पत्तीच्या थाटात खेळायचा. हातात काहीही येवो, सत्ती-दुरी येवो, गडी आत! टेबलावर आणखी दोघं-तिघं अनोळखी असायचे, त्यातही निम्मे असलेच. मला पंधरा दिवसांत उमगलं की अशा माणसाला हूल द्यायची नसते. जो पत्ते टाकतच नाही, त्याला घाबरवून काय उपयोग? गप्प बसायचं. राजे, एक्के येईपर्यंत टाकत राहायचं, आणि आले की दणकून लावायचं. तो येतोच. न चुकता येतो.

खोटं कशाला बोलू, मला त्यात त्याला मारल्याचं सुख मिळायचं. प्रत्येक डाव म्हणजे एक तांब्या, आणि कुणाला रक्त दिसत नव्हतं.

पण कधीकधी तोच जिंकायचा. माझे दोन एक्के, त्याची सत्ती-दुरी, आणि शेवटच्या पानावर त्याला तिसरी दुरी! वर टेबलाच्या चॅटमधे लिहायचा, "काय रं भित्र्या?" असं अधूनमधून होणारच, हे मला कळत होतं. पण कळणं डोक्यात राहायचं आणि राग मुठीत. एकदा मी कपाटाच्या आरशावर मूठ मारली. बायको पोरीला उचलून शेजारी गेली. काचा मीच वेचल्या, बोटं कापून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तशीच पट्टी बांधून लेथवर उभा राहिलो.

गणपतीच्या सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. इथं उलटं. एका रंगाचे पाच पत्ते सिक्वेन्सला खातात. दादाला हे माहीतच नव्हतं! कलरसमोर सिक्वेन्स घेऊन तो छाती काढून यायचा, हरायचा, आणि लिहायचा, "हे मशीन गंडवतंय." ताई शिवता शिवता पत्ते टाकत बसायची, तिचं लक्ष नसायचं. मला एका ओळीत सांगता आलं असतं. कारखान्यात नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो की इथं हात घालू नकोस, जाईल. सख्ख्या भावाला मी सांगितलं नाही. त्याचा हात जाताना बघत बसलो.

दसऱ्याची झेंडूची घाई आटोपली आणि दादा परत टेबलावर आला. दिवाळीला आठ दिवस होते. माझा इस्पिकचा कलर झाला, एक्क्यासकट. दादानं होतं नव्हतं ते सगळं पुढं ढकललं आणि लिहिलं, "आता तुजे दात पाडतो." मीही सगळं लावलं. पत्ते उघडले. त्याच्याकडे सिक्वेन्स. सगळं माझ्याकडे आलं.

मिनिटभरात फोन वाजला. दादाचा, वर्षात पहिल्यांदा.

"चोरा! शिक्वेन्स मोठा असतोय!"

"या खेळात कलर मोठा, दादा."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"आन् तुला ठाव होतं?"

मी हसलो. तो पाडव्याला हसला होता ना, अगदी तसाच हसलो.

"ये कॅम्पात," तो म्हणाला. "ताईसमोर हस."

मी पोचलो तेव्हा तो ताईच्या दारात उभाच होता. त्यानं माझी कॉलर धरून मला आत ओढलं आणि माझं डोकं शिवणाच्या टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. तोंडात रक्ताची चव आली. हाताला कोळशाची इस्त्री लागली, थंड होती पण वजनदार. मी ती उचलली आणि त्याच्या डोक्याच्या दिशेनं घातली. तेवढ्यात ताई मधे घुसली. डोळे गच्च मिटून, हात वर करून. लहानपणासारखीच.

तिचं मनगट मोडलं. उजवं.

ती मटकन खाली बसली. दादानं माझ्या हातातून इस्त्री हिसकावली, आणि शेजारचे धावत आले तेव्हा ती त्याच्या हातात होती. ताईनं डोळे उघडले तेव्हाही त्याच्याच हातात होती. "माज्या हातनं झालं," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. दवाखान्यात पुन्हा तेच सांगितलं.

आणि मी? मी गप्प बसलो. अडीच महिने तेच तर शिकलो होतो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

भाऊबीजेला ताईनं एकच पाट मांडला. "त्याचं नाव काढू नकोस," म्हणाली. दाराला तोरण नव्हतं, कारण दरवर्षी झेंडू दादाकडून यायचा. मशीनवर चादर टाकलेली. दिवाळीचे सगळे कपडे तिनं न शिवताच परत दिले होते. उजवा हात प्लास्टरात, तबक खाली ठेवून डाव्या हातानं तिनं मला कुंकू लावलं. ते वाकडं लागलं. मग तबक उचलून एका हातानंच ओवाळायला लागली.

"ताई," मी म्हणालो, "इस्त्री माझ्या हातात होती. दादानं नंतर घेतली."

तिनं तबक खाली ठेवलं. दिवा नीट बाजूला सरकवला. आणि डाव्या हातानं माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की कानात शिट्टी वाजली.

"ऊठ," ती म्हणाली. "दुसरा पाट मांड. आणि घेऊन ये त्याला. पाया पडावं लागलं तर पड."

मी पाट मांडला आणि गाडी काढली. मखमलाबादला दादा ओट्यावर एकटाच बसला होता. मला बघून उठला नाही. मी पायाशी वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले. मग त्याला माझ्या गालावरची बोटं दिसली.

"ताईनं?"

"हो."

"डाव्या हातानं?"

"हो. तिला सगळं सांगितलं मी."

दादा ओट्यावरून उठला. मग त्यानं चपला घातल्या.